पोकळीचा बंदोबस्त

फरशी बसवून झाली की थापीच्या मुठीने तिच्यावर ठोकावयाचे, आवाज भरीव आला तर पुढे सरकावयाचे आणि पोकळ आला तर फरशी उचलून खालचा माल पुन्हा पसरावयाचा, ही आपल्याकडील गवंड्यांची परीक्षा इतकी साधी आहे की तिच्या पोटी काही शास्त्र असेल असा संशयही सहसा कोणास येत नाही. सार्वजनिक बांधकामाच्या चाकरीत उभी हयात घालवूनही मला तो आला नव्हता. तो आला निवृत्तीनंतर, आणि तोही परमुलखात. न्यू जर्सीत चिरंजीवांच्या घरी माडीवरच्या न्हाणीघरात शॉवरखाली उभा राहिलो असता पायाखाली कर्रकर्र असा आवाज झाला, आणि चौकशी करता ‘बाबा, तो ट्रे पहिल्यापासूनच वाजतो,’ असा शांतपणे खुलासा मिळाला. पहिल्यापासून वाजणारी वस्तू पुढे मुकाट होते ती बहुधा मोडल्यावरच, हे मला ठाऊक असल्यामुळे त्या आवाजाचा छडा लावणे प्राप्त झाले. आणि तो लावता लावता, साच्यातून काढलेल्या शॉवर ट्रेखाली आधारासाठी नेमके काय भरावे या प्रश्नावर त्या देशात किती पंथ आणि किती उपपंथ आहेत, हेही कळले. प्रस्तुत आढावा त्याच चौकशीचा आहे.

प्रश्न मुळात उद्भवतो कशामुळे, हे प्रथम पाहिले पाहिजे. आपल्याकडे न्हाणीघराखालचा स्लॅब थोडा खाली सोडून, त्यात विटांच्या तुकड्यांचा कोबा भरून, उतार देऊन गवंडी न्हाणी जागेवरच घडवितो. ती घडविताना तिच्याखाली पोकळी राहण्याचे कारणच पडत नाही, कारण ती खालून वर चढत आलेली असते. (आपल्या या न्हाणीचे नाव ‘नहाणी ट्रॅप’ या रूपाने भारतीय प्लंबिंगच्या इंग्रजी पुस्तकांतही जाऊन बसले आहे, हे जाता जाता सांगावयास हरकत नाही.) अमेरिकेतील घर मात्र बहुधा लाकडी सांगाड्याचे असते. साधारणपणे दर १६ इंचांवर एक कडी, कड्यांवर पाऊण इंच जाडीचा प्लायवूड, अशी ती जमीन आपल्या जुन्या वाड्यांतील कडीपाटाचीच सख्खी बहीण. आणि कडीपाटाइतकीच तीही माणसाच्या वजनाखाली किंचित लवते. या लवत्या जमिनीवर न्हाणी घडवीत न बसता ती कारखान्यातून आणतात. उतार, काठ आणि पाणी जाण्याचे भोक यांसह ती एकसंध साच्यातून निघालेली असते, आणि खोक्यात बसून दारी येते. तिचा वरचा उतार जाळीकडे जातो, त्यामुळे खालची बाजूही बशीच्या पोटासारखी मध्यावर उतरलेली आणि कडांकडे वर गेलेली असते. सपाट जमिनीवर बशी ठेवली म्हणजे जी पोकळी उरते, तिच्याचविषयी हा सारा वाद आहे.

ट्रे कशाचा आहे यावर त्या पोकळीची जोखीम ठरते. ॲक्रिलिकचा ट्रे म्हणजे काही मिलिमीटर जाडीचा तक्ता तापवून, निर्वाताने साच्यावर ओढून, मागून काचतंतू व पॉलिएस्टर राळ यांचे अस्तर दिलेली एक कातडी होय. फायबरग्लासचा ट्रे उलट्या क्रमाने, आधी साच्यात रंगीत राळेचा थर फवारून व मग मागे काचतंतू चढवून करतात. दोन्ही हलके, दोन्ही लवचिक, आणि दोहोंचे मरण एकाच प्रकारचे : रोज शेकडो वेळा थोडे थोडे लवून शेवटी जाळीजवळ केसासारखी चीर पडणे. ब्रिटनमध्ये राळेत दगडाची भुकटी कालवून ओतलेला, सुमारे ४० मिलिमीटर उंचीचा जड ट्रे लोकप्रिय आहे. तो उचलावयास दोन माणसे लागतात, आणि तो लवत नाही म्हणून त्याचे मालक निर्धास्त असतात. परंतु जे लवत नाही ते तडकते, एवढे त्यांच्या ध्यानात राहत नाही. जर्मनीत पोलादी पत्र्यावर एनॅमल चढविलेला ट्रे रूढ आहे. तो टिकाऊ खरा, पण धारेखाली रिकाम्या पिंपासारखा वाजतो, आणि म्हणून त्याच्या आकाराबरहुकूम कापलेला थर्माकोलचा ठोकळा खाली बैठक म्हणून मिळतो. कारखान्यानेच पोकळीसकट विचार करावा, ही जर्मन तजवीज मला सर्वांत सुज्ञपणाची वाटते; दुर्दैवाने ती ज्या त्या ट्रेपुरतीच लागू पडते.

आमचा ट्रे ॲक्रिलिकचा, ३६ इंच चौरस होता. भिंतीच्या खालच्या फरश्या फोडून तो उचलला तेव्हा पाठीमागे जे दिसले ते शब्दशः सांगण्यासारखे आहे. प्लायवूडवर सिमेंटच्या मालाचे पाच गोळे होते, भाकरीएवढे; चार कोपऱ्यांपाशी चार आणि एक साधारण मध्यावर. त्यांपैकी तीन गोळ्यांच्या माथ्यावर ट्रेच्या काचतंतूंचा ठसा स्वच्छ उमटला होता, म्हणजे ते ट्रेला टेकले होते. उरलेल्या दोघांच्या माथ्यावर धूळ होती, म्हणजे ते कधीच टेकले नव्हते. टेकलेल्या एका गोळ्याच्या कडेशी, जाळीपासून चार बोटांवर, ट्रेच्या पाठीला बोटभर लांबीची पांढरी रेघ पडलेली होती. नखाने चाचपली तर ती नखात अडकली. पूर्वीच्या मालकाच्या काळातल्या कोणा कारागिराने माल वाचविला होता. किती वाचविला म्हणाल तर दीड-दोन घमेली.

येथे या विषयातील सर्वांत मोठा गैरसमज दूर केला पाहिजे. ‘भर किती मजबूत हवी?’ असा प्रश्न जो तो प्रथम विचारतो, आणि मग सिमेंट बरे की राळ बरी, अशी बळाची तुलना चालू होते. हिशेब करून पाहावा. ८० किलो वजनाचा माणूस एका टाचेवर उभा राहिला आणि टाचेचा टेकलेला भाग २० चौरस सेंटिमीटर धरला, तर दाब भरतो चौरस सेंटिमीटरला ४ किलो. आणि ट्रेची कातडी तो आणखी पसरविते हे वेगळेच. भिंतीच्या चुनाईसाठी आपण वापरतो तो एकास पाच प्रमाणाचा सामान्य सिमेंटचा माल २८ दिवसांनी चौरस सेंटिमीटरला सुमारे ५० किलो दाब सोसतो. म्हणजे गरजेच्या दसपट बळ सर्वांत स्वस्त मालातच आहे. बळ हा येथे प्रश्नच नाही. प्रश्न आहे स्पर्शाचा : घालताना जो पदार्थ इतका मऊ असेल की ट्रेच्या पाठीवरची प्रत्येक बरगडी व खळगा त्याला भेटेल, आणि जो घट्ट होताना फुगणार नाही, आटणार नाही, आणि पुढे कधी भिजला तरी आपली जागा सोडणार नाही, तो पदार्थ चांगला. आमच्या ट्रेखालचे ते पाच गोळे बळात कमी नव्हते. उलट त्या गोळ्यांच्या बळानेच ट्रेला चीर पाडली, कारण लवणारी कातडी गोळ्याच्या न लवणाऱ्या कडेवर दररोज मुडपत होती. अर्धवट आधार हा निराधारापेक्षा वाईट असतो, निदान ट्रेच्या बाबतीत तरी.

या कसोटीवर उमेदवार एकेक करून उभे केले की पुष्कळांचा निकाल एका ओळीत लागतो. कोरडी वाळू स्पर्श उत्तम करते, पण ती कडेच्या फटींतून निसटते आणि पाण्याबरोबर वाहते. लाकडी पाचरी व विटांचे तुकडे म्हणजे पुन्हा तेच पाच गोळे. भिंतीच्या तक्त्यांचे सांधे भरण्याची तयार लुकण काही हौशी लोक सुचवितात. ती वाळते ती केवळ हवेने, आणि ट्रेखाली हवा नाही, म्हणून ती महिनोन्‌महिने ओली राहून शेवटी आटते आणि बुरशीला आमंत्रण देते. जुन्या गालिच्याचे तुकडे सुचविणारेही भेटतात. त्यांना नमस्कार करावा. द्रावकयुक्त गोंद ॲक्रिलिकवर बारीक जाळीदार तडे आणू शकतात, तेव्हा ट्रेच्या पायांखाली गोंदाचा ठिपका द्यावयाचा असेल तर तो कोणत्या जातीचा हे नळकांड्यावर वाचून मगच द्यावा. आपोआप समपातळी होणारे ओतीव मिश्रण जमीन सपाट करण्यास उत्कृष्ट, परंतु त्याचा धर्मच खाली बसण्याचा आहे, आणि आपल्याला हवा आहे तो वर चढून ट्रेच्या पोटाला भिडणारा पदार्थ; शिवाय ते निचऱ्याच्या भोकातून खालच्या दिवाणखान्याच्या छतात उतरते. फरशी चिकटविण्याचा पॉलिमरयुक्त माल मात्र या गर्दीतून वेगळा काढला पाहिजे. पोकळी थोड्या मिलिमीटरांचीच असेल, म्हणजे तळ सपाट असलेल्या त्या ब्रिटिश जड ट्रेसारखी, तर लाकडी जमिनीवर तो फार चांगला, कारण तो जमिनीबरोबर थोडा लवतो. दोन-दोन इंचांची पोकळी त्याने भरू गेल्यास खर्चही वाढतो आणि जाड थर आटतोही.

उरले तिघे. त्यांच्यावरच तिकडील कारागिरांत खरा बेबनाव आहे.

पहिला, जिप्समचा गिलावा. जिप्सम भाजून त्याचे पाणी बहुतांशी उडवावयाचे आणि वापरताना ते परत द्यावयाचे, एवढ्यावर हा सारा व्यवहार चालतो. त्यात परलाइट, म्हणजे तापवून लाहीसारखी फुलविलेली ज्वालामुखीची काच, मिसळली की हलका व सावकाश घट्ट होणारा माल मिळतो. अमेरिकेतील प्लंबरांच्या दोन पिढ्यांनी याच मालावर टब आणि ट्रे बसविले, आणि तो हाताला इतका गोड आहे की त्यांचे प्रेम मला समजते. तो आटत नाही, वजन कमी भरते, आणि बैठक दाबताना घाई होत नाही. आक्षेप एकच, पण मुळावरचा : भिजलेल्या जिप्समचे बळ पुष्कळच उतरते, आणि ते पाण्यात विरघळतेही, लिटरला सुमारे २ ग्रॅम. प्रमाण अल्प, परंतु जाळीचा सांधा ठिबकत असेल तर ठिबक काही एका लिटरवर थांबत नाही. यावर त्या पक्षाचे उत्तर असे की ट्रेखाली पाणी पोहोचले तर गिलाव्याच्या आधी घराची चिंता करावी. उत्तर हजरजबाबी आहे. पण ठिबकणारा सांधा सहा महिन्यांनी दिसून दुरुस्त झाल्यावर त्याखालची बैठक मात्र लगदा होऊन बसलेली असते, हे त्यात येत नाही. जिप्सम आणि सिमेंट यांची सोयरीकही जपून करावी लागते. ओलाव्यात दोघांच्या संयोगाने एट्रिंगाइट नावाचे सुईसारखे स्फटिक वाढतात व थर उखडतो. युरोपात जिप्सम-वर्गीय कोब्यावर सिमेंटचा माल लावण्यापूर्वी प्रायमरचा थर मारण्याची जी सक्त ताकीद असते, तिचे कारण हेच.

दुसरा उमेदवार फुगणारा फोम. पॉलियुरेथेनचा जन्म १९३७ साली जर्मनीत ओटो बायर यांच्या प्रयोगशाळेत झाला आणि डब्यातून पिचकारीसारखा निघणारा त्याचा हा अवतार आता कोणत्याही हार्डवेअरच्या दुकानात मिळतो. तो बसलेल्या ट्रेखालीही भोक पाडून घालता येतो, हे त्याचे मोठे आकर्षण. येथे मला माझी स्वतःची कैफियत देणे भाग आहे, कारण नवा ट्रे आणल्यावर पहिला कौल मी फोमलाच दिला. सायंकाळी दोन डबे रिकामे केले, पाणसळ चारही बाजूंना ठेवून पाहिली, बुडबुडा मध्यावर होता. काठावर रंगाचे दोन डबे वजन म्हणून ठेवून निजलो. सकाळी बुडबुडा एका रेघेच्या पार पलीकडे गेलेला. भिंतीकडचा कोपरा वर उचलला गेला होता, ओतलेले पाणी जाळीकडे न जाता दाराकडच्या काठाशी तळे करून बसले होते. ट्रे पुन्हा उपटला तेव्हा कारणही हाती आले. डब्यातला फोम हवेतील बाष्प शोषून फुगतो व घट्ट होतो. कडेला त्याला बाष्प मिळाले म्हणून तो तेथे जोर करून घट्ट झाला, आणि मधोमध, जेथे माणूस उभा राहतो तेथे, तो काकवीसारखा चिकट राहिला होता. सुरीने ते सारे खरवडताना सूनबाई दारात उभ्या होत्या. त्या काही बोलल्या नाहीत.

तथापि माझ्या फजितीवरून फोमला सरसकट दोषी ठरविणे न्यायाचे होणार नाही. कमी फुगणाऱ्या जातीचा फोम, थोडा थोडा, टप्प्याटप्प्याने, आणि ट्रेवर पुरेसे वजन ठेवून घालावा, असे काही उत्पादक स्वतःच सांगतात; त्यांच्या ट्रेखाली तो घालणे शिस्तीचे आहे. इतर काही उत्पादक मात्र त्याचे नाव घेऊन त्याला मनाई करतात. हीच गत जिप्समची : एकाच्या कागदात तो मंजूर, दुसऱ्याच्या कागदात नामंजूर. म्हणून खोक्यात आलेला कागद हा या प्रकरणातील मूळ दस्तऐवज समजावा. त्यातील शर्त मोडली की हमी रद्द होते, आणि अमेरिकेतील प्लंबिंगचे नियमही साधारणपणे उत्पादकाच्या सूचनेप्रमाणेच वस्तू बसविण्याचा हुकूम देतात. कागदात ‘बैठकीची गरज नाही’ असे लिहिलेले असेल तर काय, असे मला एका शेजाऱ्याने विचारले. तेथे ‘गरज नाही’ आणि ‘मनाई आहे’ यांतील फरक ओळखावा. ज्या ट्रेखाली कारखान्यानेच बरगड्या व पाय बसविले आहेत आणि जमीन खरोखर सपाट आहे, तेथे तो नुसता ठेवला तरी चालतो. पण जमीन खरोखर सपाट असल्याचे मी अजून तरी पाहिलेले नाही.

तिसरा उमेदवार आपला जुना ओळखीचा, वाळू-सिमेंटचा माल. १८२४ साली जोसेफ ॲस्पडिनने पोर्टलंड सिमेंटचे पेटंट घेतले तेव्हापासून त्याच्याविषयी नवे सांगण्यासारखे फारसे उरलेले नाही, आणि हाच त्याचा गुण. तो पाण्याने घट्ट होतो, म्हणून पुढे पाण्याला भीत नाही. फुगत नाही. वाळू भरपूर आणि पाणी बेताचे असल्यामुळे आटतो तोही नगण्य. दोष म्हणजे वजन : ३६ इंच चौरस ट्रेखाली सरासरी एक इंच थर धरला तर सुमारे ४० किलो, पण लाकडी जमिनीला हे ओझे म्हणजे अर्धा माणूस, तेव्हा तो दोष मी मनावर घेत नाही. कोरडा प्लायवूड मालातले पाणी पिऊन टाकतो, म्हणून खाली पॉलिथिनचा कागद अंथरतात. मालावरही दुसरा कागद अंथरावा की नाही, यावर मतभेद आहेत. अंथरला तर माल ट्रेला चिकटत नाही, आणि उद्या ट्रे बदलावयाचा झाल्यास तो झाकणासारखा उचलला जातो; न अंथरला तर काचतंतूंच्या खरखरीत पाठीला माल धरून राहतो आणि ट्रे तसूभरही हलत नाही. दगडी भुकटीच्या जड ट्रेला चिकटणेच इष्ट. आमच्या ॲक्रिलिकच्या बाबतीत खोक्यातला कागद या मुद्द्यावर मौन होता, तेव्हा मी वरचा पॉलिथिनचा कागदही अंथरला. पाच गोळ्यांचा ट्रे उपटताना झालेला त्रास ताजा होता.

माल कालविला तो एकास पाच, आणि पाणी इतकेच की मुठीत दाबला तर लाडवासारखा आकार धरावा, पण बोटांना ओल लागू नये. तो सपाट पसरला नाही, येथेच नवशिका चुकतो. सपाट थरावर ट्रे ठेवला तर दाबलेल्या मालाला जावयास वाट नसते, आणि ट्रे होडीसारखा तरंगतो. म्हणून करवंटीएवढे उभट ढीग, एकमेकांपासून वीतभर अंतरावर, आणि पोकळीच्या उंचीपेक्षा बोटभर उंच. ट्रे वरून दाबला की ढीग पसरून एकमेकांना भेटतात, आणि जादा माल मधल्या दऱ्यांत शिरतो. जाळीभोवती चार बोटे जागा रिकामी सोडली, कारण तेथे दोन इंची नळावर ट्रेचा रबरी सांधा दाबून बसवावयाचा असतो, आणि तेथे शिरलेला मालाचा एक खडाही पुढे ठिबकीचे कारण होतो. मग चिरंजीव आत उभे राहिले आणि पायांच्या फणांवर सावकाश चालत कोपऱ्यांकडून मध्याकडे आले. मी पाणसळ धरून होतो. उतार साच्यातच दिलेला असल्यामुळे ट्रेचा काठ चारी बाजूंनी अगदी पातळीत असावा लागतो, आणि आपल्या न्हाणीच्या सवयीने जाळीकडे आणखी थोडा ढाळ देण्याचा मोह मला झाला तो मी आवरला. बुडबुडा मध्यावर आल्यावर ट्रेचे काठ भिंतीच्या उभ्या कड्यांना खिळवून टाकले, आणि २४ तास त्यावर कोणी पाय ठेवावयाचा नाही असे फर्मान निघाले. घरातील माणसे त्या दिवशी तळघरातल्या न्हाणीत उतरली.

दुसऱ्या दिवशी थापी नसल्यामुळे स्क्रू-ड्रायव्हरच्या मुठीने मी संपूर्ण ट्रे ठोकून पाहिला. सर्वत्र आवाज भरीव आला. केवळ भिंतीकडच्या उजव्या कोपऱ्यात, साबणाच्या फळीखाली, तळहाताएवढ्या जागेत तो पोकळ आला. तेथे कोणी उभे राहत नाही. नातवाने ‘आजोबा, परत उचलायचा का?’ असे मोठ्या आशेने विचारले. मी नाही म्हणालो, आणि त्या कोपऱ्याचे माप, मालाचे प्रमाण व तारीख हमीपत्राच्या पाठीवर नोंदवून कागद चिरंजीवांच्या फायलीत लावून ठेवला.